उनाडला चाकं

३ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद नेहमीचेच, पाकिटात भरून पाठवते आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मग मी काय सांगितलं ते तुझ्या एका कानालाही ठाऊक नसतं. पत्र निदान दोनदा वाचशील.

उनाड घरी आली आहे. उनाड म्हणजे माझी शिडाची होडी, जिच्यात बसायला तू लहानपणी रडायचास आणि उतरताना त्याहून जास्त रडायचास. धरणावरच्या आमच्या क्लबाने गाशा गुंडाळला, शेड पाडली आणि ज्याची त्याने आपापली होडी उचलावी असं फर्मान काढलं. विटा पोचवून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला, त्यातून ती आली. सध्या मागच्या अंगणात जुन्या टायरांवर पालथी पडली आहे. डोलकाठी मी भिंतीच्या कडेने आडवी बांधली आहे, तिच्यावर कपडे छान वाळतात. शेजारीण रोज कुंपणावरून विचारते की ही पाण्यात कधी जायची. मी सांगते, पाणीच इकडे यायचं आहे, वाट बघतेय.

आता अडचण अशी की धरण तासाभराच्या रस्त्यावर आहे आणि दरवेळी ट्रक काही मिळायचा नाही. व्हॅनच्या मागे जोडून होडी न्यायला दोन चाकांचा ट्रेलर हवा. नव्याची किंमत विचारून आले. तेवढ्यात दुसरी होडी येईल, आणि मग तिच्यासाठीही ट्रेलर लागेल. तेव्हा जुनाच, पण स्वस्त आणि धड.

घाई अशासाठी की दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, एक गिऱ्हाईक आणलं आहे. हॉटेलवाला आहे. त्याला उनाड दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची आहेत. आयुष्यभर लिफ्टा तपासून दादाचा असा समज झाला आहे की जी वस्तू वरून दोराला टांगलेली नाही ती धोक्याची. मला माझं वय सांगत बसला, जसं काही मला माहीत नाही. मी रागाच्या भरात बोलून गेले की एप्रिल संपेपर्यंत उनाड पाण्यात उतरली नाही तर घेऊन जा म्हणावं तुझ्या हॉटेलवाल्याला. आता शब्द फिरवला तर तो जन्मभर ऐकवेल.

मी ताडपत्र्यांच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले आहे. सगळ्या दुकानदारांना उन्हाळ्याआधी दारावर नवं छत हवं असतं. तू मोठ्या शहरात आहेस. विम्याच्या कचेरीत दुपारी तुला वेळ असतोच. भंगारवाल्यांकडे, जुन्या गाड्यांच्या बाजारात चक्कर मार. आणि दादाला यातलं काही बोलू नकोस.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

आम्ही इकडे ठीक. तूही असशील असं धरून चालतो.

तुझ्या आत्याने तुला ट्रेलर शोधायला सांगितलं असेल. नसेल तर या आठवड्यात सांगेल. तिला नाही म्हणू नकोस. नाही म्हटलं की ती स्वतः शोधायला निघते आणि मग विषय आपल्या हातात राहत नाही. तू शोध, फक्त सावकाश शोध. घाईने घेतलेल्या वस्तूत दोष असतात, हे मी नोकरीत रोज पाहिलं आहे. तेव्हा हे खोटं बोलणं होत नाही. एप्रिल संपला की प्रश्न आपोआप मिटेल.

एकदा मी काठावर उभा राहून तिला होडीत पाहिलं आहे. होडी एका अंगावर कलली होती, अर्धं शीड पाण्याला टेकायला आलं होतं आणि ही हसत होती. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. हे तिला सांगू नकोस.

तू विम्यात आहेस. धोका म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. बढतीचं काय झालं? आई विचारते आहे. खरं म्हणजे मीच विचारतो आहे.

तुझे
बाबा


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उशीर झाला, कचेरीत काम फार होतं. पण तुझं काम विसरलो नाही. दोन ट्रेलर पाहिले.

पहिल्यातून पूर्वी घोडा नेत असत. घोडा गेला, ट्रेलर राहिला, असं मालक फार दुःखाने म्हणाला. खालच्या लोखंडी सांगाड्यावर हातोडी मारून पाहिली. खणखणीत वाजायला हवं होतं, ते नुसतं थप्प वाजलं. म्हणजे वरून रंग आणि आतून गंज. शिवाय चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे घोड्याच्या वजनाचे. तुझी हलकी होडी त्यांवर ठेवलीस तर ती प्रत्येक खड्ड्याला फुटाण्यासारखी उडेल.

दुसरा दिसायला देखणा होता, पण त्याची बेअरिंग उघडी होती. तासभर रस्त्यावर चालून बेअरिंग तापतात आणि तू धरणाच्या उतारावर तो तसाच पाण्यात घालणार. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं. ग्रीसचं ताक होतं आणि एका मोसमात चाक जाम. सोडून दिला.

तेव्हा घाई नको. घाईने घेतलेल्या वस्तूत दोष असतात. मी बघतोच आहे, मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये काहीतरी चांगलं मिळेल.

बाबांना काही बोललो नाही.

तुझा
टिल्लू


२७ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

पत्र दोनदा वाचलं. घोड्याचं वाचून मलाही वाईट वाटलं. किती बारकाईने बघतोस तू, आणि तेही कचेरीच्या कामातून वेळ काढून. घाईचं वाक्य तर फारच छान. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण या वयात माणसाने काय काय ऐकलेलं असतं.

मात्र आता तू त्रास घेऊ नकोस, माझं काम झालं आहे. इथे गेटं आणि खिडक्यांचे गज करणारा एक जण आहे. त्याच्याकडे एका हातगाडीची चाकं पडली आहेत आणि पाण्याचे जुने, जस्त चढवलेले पाइप आहेत. त्या पाइपांचाच सांगाडा आणि पुढचा लांब दांडा करून देतो म्हणाला. जस्त घासून काढायचं का असं मी विचारलं, तर म्हणाला छे, वरूनच वेल्डिंग मारतो. माणूसही फार विचारी. उजेडाने शेजाऱ्यांचे डोळे दुखू नयेत म्हणून आपल्या छोट्या खोलीत दार-खिडकी लावून काम करणार आहे. येत्या आठवड्यात सुरुवात. किंमत ऐकून तर तू खूश होशील.

तू आपला विमा सांभाळ.

तुझी आत्या


२ मार्च

आत्या,

हे पत्र मिळेल त्या क्षणी चप्पल घाल आणि त्या माणसाला जाऊन थांबव.

जस्तावर वेल्डिंग मारलं की ते जळून पांढरा धूर होतो. तो बंद खोलीत छातीत गेला तर माणूस संध्याकाळपर्यंत थंडीतापाने फणफणतो, आणि जास्त गेला तर त्याहून वाईट. त्याला सांग, दार उघड, नाहीतर कामच करू नकोस. दुसरं, पाण्याच्या पाइपाची भिंत पातळ असते. पुढचा दांडा पहिल्याच वळणावर काकडीसारखा वाकेल. तिथे जाड चौकोनी नळी लागते. तिसरं, वरून मलम लावल्यासारखा मारलेला जोड हा जोड नसतो. आधी कडा तासून उतार द्यायचा, मुळात एक फेरी मारायची, जोडावर जमलेली मळी ठोकून काढायची, तारेच्या ब्रशने साफ करायचं आणि मग वरची फेरी. हातगाडीची चाकं गाडीच्या वेगाला टिकत नाहीत हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

तुझ्यामागे हा गाडा सुटला तर मागच्या माणसाचं काय होईल याचा विचार कर. मला लगेच कळव.

टि.


६ मार्च

चि. टिल्लू,

जीव भांड्यात पाड. तो गेटवाला मुळात नाहीच. हातगाडीही नाही आणि पाइपही नाहीत. जस्ताच्या धुराची गोष्ट मला एका छत्रीच्या दांड्या जोडणाऱ्याने पूर्वी सांगितली होती, ती या कामी आली.

आता माझं ऐक. पहिलं पत्र लिहायला तुला दोन आठवडे लागले आणि दुसरं उलट टपाली आलं. विम्याचा कारकून जळत्या जस्ताने एवढा अस्वस्थ होत नाही. झाला तरी तो अर्ज मागवतो. शिवाय तुझ्या आधीच्या पत्राच्या कागदाला बारीक भोकं होती, कडा करपलेल्या. मी जन्मभर कापडाला भोकं पाडून पोट भरलं आहे, टाचणीचं भोक कुठलं आणि ठिणगीचं कुठलं ते मला विचार. तू वेल्डिंग करतोस. कधीपासून, एवढंच सांग.

दुसरी गोष्ट. ते घाईचं वाक्य दादाचं आहे. त्याने ते माझ्या लग्नातही म्हटलं होतं. म्हणजे तू त्याच्या सांगण्यावरून माझं काम लांबवतो आहेस, आणि तो ज्याच्यावर विसंबून आहे तो विम्यातला मुलगा विम्यात नाहीच. मला इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

मी कोणाला काही सांगणार नाही. तू माझा ट्रेलर बनवणार आहेस. दादाचं मी बघते.

तुझी आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

तुझ्यासारखी माणसं विम्यात असती तर एकही खोटा दावा मंजूर झाला नसता.

वर्ष होत आलं. एका ट्रेलरच्या अपघाताची पाहणी करायला मी या कारखान्यात आलो होतो. फोटो काढून जायचं होतं. पण तो मोडका ट्रेलर दुरुस्त होताना बघत उभा राहिलो, आणि संध्याकाळी तो धड होऊन दारातून बाहेर पडला. माझ्या टेबलावरून असं काही कधीच बाहेर पडलं नव्हतं. त्यानंतर सुटीच्या दिवशी जायला लागलो, मग मालकीणबाईंनी हातात मशीन दिलं, मग एक दिवस कचेरीत राजीनामा दिला. पगार थोडा कमी आहे. झोप चांगली लागते.

बाबांना सांगायचं राहून गेलं असं नाही, सांगवलं नाही. त्यांनी माझी नोकरी इतक्या लोकांना सांगितली आहे की आता ती माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त आहे. लांबवण्याचं त्यांनी सांगितलं होतं, खरं आहे. ते तुझ्या काळजीने सांगत होते हेही खरं आहे. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं म्हणे. हे मी तुला सांगायचं नव्हतं.

आता कामाचं. भंगारात एका फिरत्या जनरेटरचा गाडा आहे. वरचं सगळं गेलेलं, पण चाकं आणि त्यांना जोडणारा दांडा शाबूत. वजनावर मिळेल, म्हणजे फुकटाच्या शेजारी. बेअरिंग नवी आणि बंद झाकणाची घालीन. मालकीणबाईंना कारखान्याच्या अंगणावर छत हवं आहे. ते तू शिवून दिलंस तर लोखंड, जागा आणि मशीन त्यांच्याकडून. मी विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. शिवणाऱ्याने त्यांना दोनदा फसवलं आहे.

होडीच्या तळाची गोलाई तीन ठिकाणी पुठ्ठ्यावर उतरवून, कापून पाठव. त्याप्रमाणे होडी बसवायचे खालचे पाळणे करतो.

बाबांना मात्र सांगू नकोस.

टिल्लू


९ एप्रिल

ती. दादा,

खुशाल असशील. मीही आहे, हे वाचून तुला काळजी वाटेल.

ट्रेलर आला. अंगणात उभा आहे, निळ्या रंगाचा. तू म्हणशील, हिने कुठून तरी काहीतरी उचलून आणलं. म्हणून मीच तुला एक संधी देते. येत्या रविवारी ये आणि तुझ्या पद्धतीने त्याची तपासणी कर. तुला एक जरी दोष सापडला तरी मी उनाड हॉटेलवाल्याला देईन आणि फुलझाडांना पाणीही स्वतः घालीन. नाही सापडला तर तू पुन्हा माझ्यासमोर माझं वय काढायचं नाहीस.

वहिनीला आणू नकोस. तिला हसू आवरत नाही आणि तुझं लक्ष उडतं.

तुझी बहीण


१० एप्रिल

चि. टिल्लू,

ट्रेलर पाहून शेजारणीने कुंपण ओलांडलं. पाळण्यांत उनाड अशी बसते जशी तिथेच जन्मली. मालकीणबाईंचं छत परवाच्या गाडीने रवाना केलं आहे, टोकांना दुहेरी शिलाई घातली आहे.

मागचे दिवे जोडायचे राहिलेत आणि एका कोपऱ्याचा जोड मला जरा बघून हवा आहे. रविवारी दुपारी मशीन घेऊन ये. घरी कोणी नाही, मी आणि होडी.

तुझी आत्या


१२ एप्रिल

चि. सौ. बहिणीस,

तुझं आव्हान मान्य. आरसा, विजेरी, हातोडी आणि फूटपट्टी घेऊन येतो. तपासणीच्या वेळी कारागीर हजर हवा. दोष माणसाला तोंडावर सांगायचे असतात, पाठीमागे नाही, अशी माझी पद्धत आहे.

हॉटेलवाल्याला सोमवारी गाडी पाठवायला सांगून ठेवलं आहे.

दादा


१७ एप्रिल

आत्या,

घरात दोरांची चळत पडलेली असताना तू दोर आणायला बाजारात गेलीस आणि अंधार पडेपर्यंत आली नाहीस. मी तुझ्याशी बोलणार नव्हतो. पण काय झालं ते तुला कळायलाच हवं, आणि तू बाबांना विचारलंस तर ते ट्रेलरबद्दलच सांगतील.

मी मशीन घेऊन मागच्या दाराने अंगणात आलो तेव्हा ट्रेलरखालून दोन पाय बाहेर आले होते. ते बूट मी लहानपणापासून पॉलिश केले आहेत. अंगावर चामड्याचा एप्रन, कपाळावर वेल्डिंगचा मुखवटा आणि हातात मशीन. पळायचं म्हटलं तरी मशीन जड होतं.

खालून आवाज आला, कारागीर आले का. तू "आले" म्हणालीस आणि पिशवी घेऊन निघालीस.

बाबा सरपटत बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे अर्धे मिटून घेतले होते.

"नमस्कार," ते म्हणाले. "हे तुम्ही केलंत?"

आत्या, मला "तुम्ही" म्हणाले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो साहेब."

मग त्यांनी मला ट्रेलरभोवती फिरवलं. प्रत्येक जोडाखाली आरसा धरला आणि एकेक विचारत गेले. फेऱ्या किती मारल्या, पुढच्या दांड्याची नळी केवढ्या जाडीची, पाटे कुठून आणले. मी सांगितलं की पाटे जनरेटरचे आहेत, पण होडी हलकी म्हणून त्यांतले दोन काढून टाकले. यावर त्यांनी "हं" केलं. तो "हं" मी ओळखतो. माझ्या प्रगतिपुस्तकावर तो कधी ऐकला नव्हता. हातोडीने सगळा सांगाडा वाजवून पाहिला, आणि तो देवळातल्या घंटेसारखा वाजला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात ते पुढच्या हुकापाशी बसले. व्हॅनचा हुक सुटला तर काय, असं विचारलं. मी म्हटलं, साखळी आहे. साखळी तुटली तर, म्हणाले.

"लिफ्ट एका दोरावरही चालते," ते म्हणाले. "बाकीचे दोर असतात ते माणसाला निवांत वाटावं म्हणून. इथे एकच साखळी आहे. हा दोष आहे."

माझ्या डोळ्यांसमोर उनाड हॉटेलच्या दारात फुलं भरून उभी राहिली. मला एवढं वाईट तर राजीनामा देतानाही वाटलं नव्हतं.

बाबा टायरावर बसले, मलाही बसा म्हणाले. मी समोरच्या टायरावर बसलो. बराच वेळ ते त्या पुढच्या जोडावरून अंगठा फिरवत राहिले. मग विचारलं की आधी काय करत होतात. विम्याच्या कचेरीत होतो, असं मी सांगितलं.

"ती चांगली नोकरी असते."

"असते साहेब. माझ्याकडून होत नव्हती."

"आणि हे होतं?"

"हे होतं."

घरी माहीत आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. का नाही, असं विचारल्यावर खरं तेच सांगितलं, की वडिलांनी फार लोकांना सांगून ठेवलं आहे.

बाबांनी विजेरी उघडली, त्यातले सेल काढले, पुन्हा घातले.

"तुमच्या वडिलांना मी ओळखतो," ते म्हणाले. "माणूस वाईट नाही. जरा सावकाश आहे. सगळं तपासून घ्यायची सवय आहे त्याला. मी बोलतो त्याच्याशी."

मी मान हलवली.

मग एकदम उठून त्यांनी विचारलं, दुसरी साखळी आहे का तुमच्याकडे. माझ्या पिशवीत एक तुकडा होता. बसवा म्हणाले. तपासनीस हजर असताना जागेवर दुरुस्त झालेला दोष नोंदवत नाहीत, तसा नियम आहे. मी मुखवटा खाली ओढला. त्यांनी पकडीने साखळीची कडी धरली आणि उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं. हात हलला नाही त्यांचा. जोड चांगला बसला.

मशीन बंद केलं, मुखवटा वर केला. बाबा अजून भिंतीकडेच बघत होते.

"सकाळपासून काही खाल्लंयस का?" ते म्हणाले.

"खाल्लंयस" म्हणाले, आत्या.

मग तुझ्या स्वयंपाकघरात त्यांनी अंडी तळली आणि दोन करपवली. जेवताना आम्ही फक्त बेअरिंगबद्दल बोललो. तू आलीस तेव्हा आम्ही भांडी विसळत होतो, आणि तुझ्या हातात दोर नव्हताच.

एकच विचारायचं आहे. तो नियम खरंच आहे का?

टिल्लू


२९ एप्रिल

चि. टिल्लू,

तो नियम नाही. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, याने एकदा एका बड्या साहेबाची लिफ्ट आतला दिवा लुकलुकतो म्हणून बंद पाडली होती आणि साहेब महिनाभर जिने चढला. दिवा जागेवर बदलून देतो म्हणत होते, तरी ऐकलं नाही.

वहिनीला त्याने त्याच रात्री सगळं सांगितलं. सांगताना म्हणाला की मुलाने लोखंडात नाव काढलं आहे. आता तो भेटेल त्याला हेच सांगतो आहे, तेव्हा तुझी सुटका झाली असं समजू नकोस, फक्त नोकरी बदलली आहे. हॉटेलवाल्याला होडी मिळणार नाही असं त्यानेच कळवलं. वर सुचवलं की दारात फुलझाडांसाठी चाकांचा लोखंडी गाडा करून घ्या, माझ्या ओळखीचा उत्तम कारागीर आहे. पत्ताही दिला. तो येईल, त्याला नीट किंमत लाव.

काल उनाड पाण्यात उतरली. दादा "ट्रेलरची चाल बघायला" म्हणून आला. घरापासून धरणापर्यंत माझ्या व्हॅनमागे स्वतःची गाडी ठेवून, सगळे दिवे लुकलुकवत. मागे अशी रांग लागली होती की लोक आदराने बाजूला होत होते. मी आरशात बघत होते. ट्रेलर खड्ड्यांतून असा गेला जसा कोणी झोपलेलं मूल उचलून नेतो आहे. उतारावर मी व्हॅन मागे घेतली, चाकं पाण्यात गेली, आणि उनाड पाळण्यातून आपली आपण उठून तरंगायला लागली. मला ढकलावंही लागलं नाही. दादा वाकून दोन्ही चाकांकडे बघत होता. मग म्हणाला, बेअरिंग गार आहेत. तुझा मुलगा शहाणा आहे, मी म्हटलं. माझा मुलगा, तो म्हणाला, आणि पुन्हा चाकांकडे वाकला.

मी त्याला चल म्हटलं. तो नाही म्हणेल याची मला इतकी खात्री होती की उत्तराची वाटही बघितली नाही. पण फिरून बघते तर याने तरंगणारं जाकीट घातलेलं, वरपासून खालपर्यंत सगळे पट्टे आवळलेले. घरूनच घालून आला होता, वरचा सदरा काढेपर्यंत कळलं नाही. होडीत बसताना दोन्ही कडा धरल्या. सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि विचारलं, ही थांबवायचं बटण कुठे आहे.

मी शिडाचा दोर त्याच्या हातात दिला. म्हटलं, हेच. हा सोडलास की शिडातला वारा निघून जातो आणि होडी थांबते. त्याने तो नीट तपासला, पिळाकडून, टोकाकडून. मग धरला.

मध्यापर्यंत आलो आणि वारा वाढला. उनाड एका अंगावर कलली, पाणी कडेला येऊन लागलं, थोडं त्याच्या मांडीवरही उडालं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी सुकाणू धरून म्हटलं, दादा, थांबायचं असेल तर सोड दोर.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दोर आणखी थोडा ओढून घेतला.

तुझी आत्या